चोरांनी दाराशी काढलेल्या चपला

उषा,

काल दुपारी तालमीला जाताना मेट्रोतून तुझी गॅलरी दिसली. तुमच्या बेहाल्यात ही उंचावरून जाणारी गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर तूच केली होतीस. आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांनाही आता प्रेक्षक मिळाले, म्हणाली होतीस. मग आठवडाभरातच तुझं मत फिरलं. गाडीचा आवाज आला की हातातलं काम टाकून तू गॅलरीत यायचीस आणि हात हलवायचीस. मी त्या गाडीत असेन की नाही हे तुला माहीत नसायचं. दुसरेच कोणीतरी डब्यातून हात हलवायचे, आणि संध्याकाळी फोनवर तू सांगायचीस की आज एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी फार मनापासून उत्तर दिलं.

काल ऊन धुरकट होतं. इथल्या कार्तिकातलं, फडक्यातून गाळून घेतल्यासारखं. डब्यात अर्धे लोक पेंगत होते, मीही पेंगत असेन. तुझी निळी साडी गॅलरीत वाळत होती आणि साडीमागे कोणीतरी उभं होतं. मी हात वर केला. पलीकडूनही साडी हलली. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि बंगालीत विचारलं, तुमच्या ओळखीचं घर आहे का? मी हो म्हटलं. मग स्टेशन आलं आणि त्या उतरून गेल्या.

साडी तुझ्या अनंतरावांनी धुऊन घातली असणार. तू गेल्यापासून ते तुझे धुतलेलेच कपडे पुन्हा धुताहेत, असं मंडळातली केतकी सांगत होती.

हे सगळं तुला सांगते आहे कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर लोक मला झोपेची गोळी घ्यायला सांगतील. आणि दुसरं कारण असं की आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. तुझ्याशी भांडायला मला तू लागतेस, तुझ्या तसबिरीशी भांडायची मला सवय नाही. तसबिरीत तुला त्या फोटोग्राफरने हसायला लावलंय. भांडताना तू कधी हसायची नाहीस.

काल गाडीत बसेपर्यंत माझं ठरत नव्हतं. नाटक करायचं की पडदा पाडून टाकायचा, हा प्रश्न मंडळातल्या सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात घातला होता. करायचं तर कसं, तू म्हणत होतीस तसं की मी म्हणत होते तसं? आणि अनंतरावांनी तर तेराव्याच्या दिवशीच सांगून टाकलं होतं, नीलाताई, आता हवालदाराच्या कामाला दुसरा माणूस शोधा.

*

तुझ्या त्या चोरांच्या नाटकाची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. चार साधी माणसं. गाणं शिकवणारे निवृत्त मास्तर, एक शिंपी, चुकीची भविष्यं सांगून कंटाळलेला ज्योतिषी आणि एक गृहिणी. चौघांना एके दिवशी कळतं की जन्मभर सरळ वागूनही कोणी त्यांची दखल घेतलेली नाही, म्हणून एकदा चोरी करून बघायची. सोनाराचं बंद दुकान फोडायचं ठरतं. पहिला अंक बेत करण्यात जातो, कारण चौघांनाही दुसऱ्याला आधी बोलू द्यायची सवय असते. दुसऱ्या अंकात ते दुकानात शिरतात आणि गृहिणी आधी फळ्यांवरची धूळ पुसायला घेते. शेवटी हवालदार येतो, "हात वर" म्हणतो आणि पडदा.

गृहिणी मी. ज्योतिषी आपले डॉक्टर साठे, जे दिवसभर लोकांचे दात काढतात आणि स्टेजवर आले की स्वतःचीच बत्तिशी विसरतात. गाण्याचे मास्तर आणि शिंपी दर वर्षी बदलत राहिले, कारण बदलीवर आलेली माणसं बदलीवरच जातात. आणि हवालदार म्हणजे तुझे अनंतराव. ऑडिट खात्यात उभी हयात घालवलेला, घरातही गरजेपुरतं बोलणारा माणूस. त्यांना दोनच शब्द दिले होतेस, कारण तिसरा त्यांच्या लक्षात राहणार नाही याची तुला खात्री होती.

ती तिजोरी आठवते का? तुमचं सामान ज्या लाकडी खोक्यांतून आलं, त्यातलं एक तू वर्षानुवर्षं उघडलंच नव्हतंस. साताऱ्याहून निघताना चांगली भांडी त्यात भरली होतीस आणि इथे आल्यावर म्हणालीस, काय उघडायचं, पुन्हा बदली होईल तेव्हा बांधावंच लागणार. तुझ्या बोलण्यात तेव्हा 'इथून गेल्यावर' हे दोन शब्द सारखे यायचे. मला त्यांचा राग यायचा. माझे आजोबा इथे शिकवायला आले आणि इथलेच झाले. मी इथेच जन्मले, इथेच वाढले, मला जायला दुसरं कुठे नव्हतं. मैत्री करावी आणि माणसाने ट्रकमध्ये बसून निघून जावं, हे आमच्यासारख्या इथल्या घरांनी फार सोसलंय. तुझ्याशी मी जपूनच बोलायचे.

मग नाटकाला तिजोरी हवी झाली. डेकोरेटरकडची फारच पत्र्याची होती, हात लावला की वाजायची. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले तर तू जमिनीवर बसून त्या खोक्यातली भांडी बाहेर काढत होतीस. वर्तमानपत्रांचे पिवळे कागद सगळीकडे पसरलेले. एक एक ताटली पुसून कपाटात लावलीस. खोकं रिकामं झालं, त्याला हिरवा रंग दिला, हँडल लावलं आणि तिजोरी झाली. त्या संध्याकाळी घरी जाताना मला कळलं होतं की ही बाई आता कुठे जात नाही. बसमध्ये उभी होते आणि उगाचच हसू येत होतं.

*

आता ती चूक. गणपतीतला तो पहिला प्रयोग.

तालमी आपण मंडळाच्या हॉलमध्ये करायचो. तिथे कोपऱ्यात गणपती, म्हणून चपला दाराबाहेर. शिवाय तुझी शिस्त अशी की ज्या जागेवर नाटक करायचं तिथे पायताण घालून पाऊल ठेवायचं नाही. कितीतरी संध्याकाळी आपण चोरी केली ती अनवाणी केली. खडूने आखलेल्या दारातून आत शिरायचं, धूळ पुसायची, तिजोरीशी झटायचं, सगळं अनवाणी. प्रयोगाच्या दिवशी मात्र चोरांनी वेश करून चपला घालायच्या, असं तू सकाळी बजावलं होतंस. चोराला पळावं लागतं, अनवाणी चोर कोणाला पटणार?

पडदा उघडला तेव्हा डेकोरेटरने खरीखुरी चौकट आणून उभी केली होती, खाली उंबरठ्यासारखी पट्टी ठोकलेली. डॉक्टर कुलपात पहार घालून दार उघडतात, इकडे तिकडे बघतात, आणि मग अगदी शांतपणे, जसं कोणाकडे हळदीकुंकवाला जावं तसं, चपला काढून भिंतीला लावून ठेवतात आणि आत जातात. त्यांच्यामागून मास्तर. त्यांनीही काढल्या. मग शिंपी. मग मी. माझ्या तर लक्षातही आलं नाही. लोक हसायला लागले तेव्हा मला वाटलं माझं पातळ कुठेतरी सुटलंय.

हसणं थांबेना. आत जाऊन आम्ही मागे वळून बघितलं आणि बंद दुकानाच्या दाराशी चार जोड नीट ओळीने लावलेले. मी विंगेत तुझ्याकडे बघितलं. तू प्रत हातात धरून उभी होतीस आणि चेहरा असा केला होतास की आमच्यापैकी कोणीतरी खरोखरच चोरी केली आहे.

त्यात अनंतराव आले. फोर्ट विल्यमच्या छावणीतल्या एका मराठी सुभेदारांनी त्यांना बूट दिले होते, ते त्यांना इतके मोठे होते की पाय आत घसरायचे. काठी आपटत आले, दाराशी थांबले, चपलांची ओळ बघितली. आणि तुझे दोन शब्द गेले त्यांच्या डोक्यातून. घरी ऑफिसातून आल्यावर दाराशी परक्या चपला दिसल्या की माणूस जे विचारतो तेच त्यांनी विचारलं.

"घरात कोण कोण आलंय?"

मग आतून डॉक्टर म्हणाले, "आम्हीच आहोत. या."

आणि अनंतरावांनी ते सैल बूट एका झटक्यात काढले, आमच्या चपलांच्या शेजारी ठेवले आणि आत आले. पडदा कोणी पाडला ते कळलं नाही, बहुधा तूच. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. म्हाताऱ्या आजीबाई खुर्चीच्या दांड्या धरून हसत होत्या. तुझं नाटक तिथे संपलं आणि आमचं सुरू झालं, असं मी दुसऱ्या दिवशी म्हणाले तर तू चार दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस.

*

बराकपूरला आपण तोच प्रयोग घेऊन गेलो ते माझ्या हट्टाने. तिथल्या पलटणीतल्या मराठी कुटुंबांचं स्नेहसंमेलन होतं. मी म्हटलं, चपलांचं तसंच ठेवायचं, आता ते नाटकाचं नाक आहे. तू ठेवलंस. डॉक्टरांनी कुलूप उघडलं, चपला काढल्या, प्रेक्षकांकडे हळूच बघितलं. मास्तरांनी काढल्या, त्यांनीही बघितलं. कोणी हसलं नाही. एका बाळाने तेवढं भोकाड पसरलं. अनंतरावांनी दाराशी येऊन पाठ केल्यासारखं विचारलं, आतून डॉक्टरांनी पाठ केल्यासारखं उत्तर दिलं, आणि पडदा पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या आपण लांबून आलो म्हणून.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी तू आणि समोर मी. बाहेर गंगेच्या बाजूने धुकं वर येत होतं, एकामागून एक गिरण्यांची धुराडी त्यात बुडत होती. मग म्हणालीस, "चूक एकदाच होते, नीला. दुसऱ्यांदा केली की ती नक्कल. मला कारण दे, मग ठेवते."

मी म्हटलं, कारण कसलं हवंय, लोक हसले हे कारण नाही का? तू म्हणालीस, पहिल्या दिवशी ते विसरले होते, ते कारण होतं. आज कोणीच विसरलं नव्हतं. स्टेजवर माणूस विनाकारण पाणी पीत नाही, चपला कशाला काढेल? त्यावर मी काहीतरी तिरकं बोलले, आणि तू त्याहून तिरकं. शियालदा येईपर्यंत आपण डबाभर लोकांची करमणूक केली. एका काकांनी उतरताना आपल्याला नमस्कार केला.

तेव्हापासून तो वाद आपण मांजरासारखा पाळला. लग्नकार्यात, औषधाच्या दुकानात, पुलावर अडकलेल्या टॅक्सीत, कुठेही तो येऊन मांडीवर बसायचा. मी नवी नवी कारणं आणायचे. सोनाराच्या दुकानात लक्ष्मी असते म्हणून काढतात. तू म्हणायचीस, मग चोरी कशी करतील? पायाचा आवाज होऊ नये म्हणून काढतात. मग ओळीने का लावतील, हातात घेतील. मी हरायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे. खरं सांगू, मला कारण सापडायला नकोच होतं. सापडलं असतं तर तुझ्याकडे यायला दुसरं निमित्त शोधावं लागलं असतं.

*

यंदा थंडीतल्या संमेलनात नाटक पुन्हा करायचं ठरलं आणि तू पहिल्याच तालमीला जाहीर केलंस, चपलांचा प्रकार नाही, मूळचं "हात वर" येणार. शिंप्याच्या जागी या वेळी केतकी. तिचं अख्खं बालपण इथल्या शाळेत गेलं, मराठी बोलते पण वाचताना अडखळते. ती आपली वाक्यं बंगाली अक्षरांत लिहून घेते. तू त्या उतरत्या वयात बंगाली अक्षरं शिकलीस, तिला तिच्याच प्रतीवरून वाक्य पुरवता यावं म्हणून. तिला ते कधी सांगितलं नाहीस. तिला वाटायचं काकूंना आधीपासूनच येतं.

आणि मग ते थोड्याच दिवसांचं आजारपण, ज्याला आपण सगळे खोकला खोकला म्हणत राहिलो.

हॉस्पिटलमध्ये त्या काचेच्या खोलीबाहेर चपला काढायला लावतात. मी काढल्या आणि आत आले. दुपार होती, पण आत कायम एकच उजेड. तू डोळे मिटून पडली होतीस. मी पलंगाजवळ उभी राहिले आणि तुझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसले. तू डोळे उघडलेस ते आधी माझ्या पायांकडे बघितलंस.

"चपला बाहेर काढल्यास?" तू विचारलंस. आवाज फार लांबून आल्यासारखा होता. मी हो म्हटलं.

"मग घे, काय न्यायचं असेल ते."

मी हसले. तूही हसलीस, नाकातली ती नळी हलली तेवढी. नंतर तुला ग्लानी आली आणि सिस्टरने मला बाहेर काढलं. मला वाटलं उद्या येऊन उत्तर देईन. उत्तर तयार होतं माझं. असं काहीतरी होतं की मी तर कधीपासूनच नेते आहे, तुझ्या आत्ता लक्षात आलं का?

ते तुला आता सांगते. माझ्या घरात मराठी होती ती आरतीची, रागावण्याची आणि पाहुण्यांची. चेष्टा आम्ही बंगालीत करायचो, प्रेम इंग्रजीत, भाजी हिंदीत घ्यायचो. आजीची मराठी आजीबरोबर गेली. तू साताऱ्याहून आलीस आणि पहिल्याच भेटीत माझ्या मराठीला म्हणालीस की ही तर इस्त्री करून आणलेली आहे, जरा चुरगळू दे. तुझ्याबरोबर मी मराठीत हसायला शिकले. मराठीत भांडायला शिकले. स्वप्नंही आता मराठीत पडतात, आणि त्यात तू असलीस की मी चुका करत नाही. हे मी चोरलं तुझ्याकडून, भरदिवसा, आणि तू दार उघडं ठेवलंस. आभार मानले असते तर तू चहाचं आधण ठेवायला उठून गेली असतीस, म्हणून मानले नाहीत.

*

त्या दिवशी स्मशानातून पुरुषमाणसं परत आली तेव्हा तुझ्या घरात आम्ही बायका बसलो होतो. डॉक्टरांना पायऱ्या चढायला वेळ लागतो, म्हणून ते स्मशानातून सगळ्यांच्या आधीच येऊन खुर्चीत बसले होते. मंडळातले सगळे होते, तुझ्या मजल्यावरची बंगाली कुटुंबंही होती. खाली ट्रामगाड्यांच्या काळापासून असलेल्या त्या लोखंडाच्या दुकानात कोणीतरी पत्रा ठोकत होतं, तेवढाच आवाज. गाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरायच्या.

अनंतराव वर आले. दार उघडंच होतं. ते उंबरठ्याबाहेर थांबले आणि खाली बघत राहिले. जिन्यापर्यंत चपलाच चपला. कोणाच्या कोणावर चढलेल्या, काही ओळीने, काही उलट्या. इतक्या चपला तुझ्या दाराशी दिवाळीलाही कधी नसतील. त्यांचे केस ओले होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, लांबून चालत आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. मी उठून पुढे जाणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"घरात कोण कोण आलंय?"

नाटकातलं वाक्य म्हणून नव्हे, उषा. ते आठवायची त्यांची अवस्थाच नव्हती. दाराशी चपला दिसल्या, आणि ऑफिसातून आल्यावर जे तुला विचारायचे तेच त्यांनी विचारलं. स्वयंपाकघराच्या दिशेने, नेहमीच्या आवाजात.

मग खुर्चीतून, मान खाली घालून, डॉक्टर साठे म्हणाले, "आम्हीच आहोत. या."

आणि आम्ही हसलो. तुझ्या घरात, त्या दिवशी, आम्ही सगळे हसलो. केतकी आधी, मग मी, मग अनंतरावही, चौकटीला धरून. शेजारच्या बंगाली काकी घाबरून आमच्याकडे बघत होत्या, त्यांना वाटलं या लोकांमध्ये अशीच पद्धत असेल. हसता हसता कधी रडू लागलो ते कळलं नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच अनंतराव रडले. मी त्यांना आत घेऊन आले आणि पाणी दिलं.

पुष्कळ वेळाने माझ्या मनात आलं की बघ, दुसऱ्यांदा झालं. नक्कल नव्हती. तुला हे सांगायला मी मोबाइलसुद्धा हातात घेतला होता.

*

तेराव्याला गुरुजींनी दानासाठी छत्री आणि नव्या चपला आणायला सांगितल्या होत्या. अनंतरावांनी आणल्या, दिल्या. तुझ्या जुन्या चपला मात्र दाराशी होत्या तिथेच राहिल्या. त्या तपकिरी, अंगठ्यापाशी शिवलेल्या, ज्यांना मी कायम नावं ठेवायचे. कोणीतरी त्या उचलायला वाकलं तर ते म्हणाले, असू दे. त्याच दिवशी त्यांनी मला हवालदाराचं सांगितलं. मी त्यांना आग्रह केला नाही. तुझ्याशिवाय विंगेत बघायचं कोणाकडे, हा प्रश्न मलाही पडला होता.

म्हणून काल मी गेले ती नाटक बंद करू या असं सांगायला. गाडीत तुझी साडी हलली आणि माझा निश्चय थोडा ढिला झाला, एवढंच.

हॉलवर सगळे आले होते, दिवे अजून लावले नव्हते. उंच खिडक्यांतून ते गाळलेलं ऊन फरशीवर पडलं होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की बोललो तर ती खाली बसेल असं वाटत होतं. हिरवं खोकं मधोमध. केतकीने खडूने दार आखून ठेवलं होतं. आम्ही प्रती उघडून उभे होतो आणि कोणी सुरुवात करेना. मी बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात अनंतराव आले. येणार नाहीत असंच सगळे धरून चाललो होतो. हातात कापडी पिशवी. कोणाशी न बोलता ते खडूच्या दारापाशी गेले, खाली बसले, आणि पिशवीतून तुझ्या चपला काढल्या. फडक्याने पुसलेल्या होत्या. गणपतीसमोर चपला आणल्या म्हणून क्षणभर सगळ्यांचा जीव खालीवर झाला. त्यांनी त्या दाराच्या बाहेर, भिंत असते त्या बाजूला, टाचा आपल्याकडे आणि अंगठे आतल्या बाजूला करून ठेवल्या. तू ठेवायचीस तशा. मग उठून बाजूला जाऊन उभे राहिले, हवालदाराच्या जागेवर.

"सुरू करा," ते म्हणाले.

त्यांना आपला वाद माहीत होता का? तू कधी सांगितला असशील का, की भिंतीपलीकडून त्यांनीच ऐकला असेल इतकी वर्षं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी दोनच शब्दांत उत्तर दिलं असतं.

केतकी हळूच बाहेर गेली आणि सगळ्यांच्या चपला घेऊन आली. आम्ही त्या घातल्या, गणपतीला हात जोडून, तालमीत पहिल्यांदाच. डॉक्टर पुढे झाले. नसलेल्या कुलपात नसलेली पहार घातली, दार उघडलं, इकडे तिकडे बघितलं, आणि त्यांना खाली तुझ्या चपला दिसल्या. ते थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या कुठल्याच नाटकात बघितलं नव्हतं. घर उघडं आहे, कोणीतरी आपल्या आधीच आत गेलं आहे, असं कळल्यावर माणूस जसा एकदम सावरून उभा राहतो, तसे ते उभे राहिले. मग वाकले आणि स्वतःच्या चपला काढून तुझ्या शेजारी लावल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी लावल्या. केतकीने लावल्या. मी सगळ्यांत शेवटी.

आत गेल्यावर मी खिडकीकडे पाठ करून फळ्या पुसू लागले. डॉक्टरांनी तिजोरीवर कान ठेवला. माझे डोळे भरून आले होते आणि नसलेली धूळ मला स्पष्ट दिसत होती. बाहेर काठीचा आवाज आला, थांबला.

"घरात कोण कोण आलंय?"

आम्ही चौघेही लगेच बोललो नाही. ठरवलं नव्हतं, पण थांबलो. जी आधी आली आहे तिला आधी बोलू द्यावं, एवढी रीत आम्हाला तूच शिकवली होतीस. खिडकीतलं ऊन खोक्यावरून सरकलं. मग डॉक्टरांनी आपलं वाक्य म्हटलं आणि अनंतराव चपला काढून आत आले.

नाटक आम्ही करतो आहोत, उषा. चपलांसकट. तुझी हरकत असणार, ती मी ऐकून घेईन, रोज दुपारी गाडी तुझ्या गॅलरीवरून जाते तेव्हा. पण या वेळी मी रिकाम्या हाताने येत नाहीये. चोरांनी चपला बाहेर का काढल्या, असं तू विचारत होतीस ना?

आत तू होतीस.